तंबाखू मळेपर्यंतचं अंतर

करवंदवाडीत पाहुण्याला वाट लांब आहे असं कुणी सांगत नाही. म्हसा गाव सोडून डोंगराकडे वळलं की आधी डांबर संपतं, मग मातीचा रस्ता संपतो, मग नुसती पायवाट उरते आणि तिच्या टोकाला ही सव्वीस घरांची वाडी आहे. एवढं चढून येणाऱ्यानं वाटेत कुणाला विचारलं, "अजून किती?", की उत्तर ठरलेलं: "हे काय, आलंच." खरं सांगितलं तर माणूस आहे तिथंच बसकण मारतो, त्याच्या पायातलं बळ जातं, असं वाडीचं म्हणणं. थकल्या माणसाला खरं अंतर सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. नवी नवरी पहिल्यांदा चढून येते तेव्हा तिलाही हेच सांगतात, आणि पुढे ती जन्मभर दुसऱ्यांना तेच सांगते.

धाऊ या कामात सगळ्यांच्या पुढे. चाळिशी उलटलेला, हसऱ्या तोंडाचा, भात-नाचणी करणारा माणूस. पाहुणा दिसला की हातातलं औत सोडून वाटेपर्यंत जाणार, त्याची पिशवी घेणार, पाण्याचा तांब्या पुढे करणार. शाळा समितीचा अध्यक्ष त्याला केला तोही याच गुणावर. येणाऱ्याजाणाऱ्या साहेबाशी गोड बोलायला कुणीतरी लागतंच. अध्यक्षाला याच्यापलीकडे काही काम असतं असं तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि खरं तर धाऊच्याही आलं नव्हतं.

शाळा म्हणजे एक खोली, एक ओटी, एक गुरुजी आणि नऊ मुलं. गुरुजींचं नाव हरेश. ते किन्हवलीहून मोटरसायकलवर यायचे, गाडी खाली उभी करायचे आणि उरलेलं चढायचे. पाच वर्षांत त्यांनी नऊ मुलांना वाचायला शिकवलं आणि दुसरीतून शाळा सोडलेल्या धाऊला सही करायला. धाऊची सही मोठी झोकदार होती, शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची त्याला हौस.

वैशाखात एक साहेब आले. गुरुजी त्या दिवशी मुरबाडला प्रशिक्षणाला गेले होते. साहेब चढ चढून असे घामाघूम झाले होते की शाळेच्या ओटीवर बसल्यावर पहिला तांब्या ते प्यायले आणि दुसरा त्यांनी डोक्यावर ओतला. मग कागद काढला. पट किती, खोल्या किती, नळ आहे का, सगळं लिहून झालं आणि शेवटचा प्रश्न आला.

"जवळची दुसरी शाळा कुठली?"

"सावरवाडीची."

"किती लांब?"

धाऊनं साहेबांकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, बूट काढलेले, पायाला फोड. अशा माणसाला लांब म्हणायचं? धाऊच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नसतं.

"लांब कसली, साहेब. इथंच हाय. तुमी तंबाखू मळायला घ्या, मळून होते तवर सावरवाडी आली."

साहेब हसले. त्यांना त्या दिवशी अजून दोन वाड्या करायच्या होत्या, आणि मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुन्हा विचारत नाही. त्यांनी लिहिलं, एक किलोमीटरच्या आत. धाऊनं खाली सही केली, शेपटीसकट. ओटीच्या कडेला धाऊची बायको भागी आणि म्हातारा जैतू बसले होते. त्यांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पाहुण्याशी असंच बोलतात.

जूनमध्ये कागद आला. पट नऊ, जवळची शाळा एक किलोमीटरच्या आत, म्हणून करवंदवाडीची शाळा सावरवाडीच्या शाळेत मिसळण्यात येत आहे. हरेश गुरुजींना शहापूर तालुक्यात आटगावच्या बाजूला पाठवलं. त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली धाऊच्या हातात दिली आणि कागद दोनदा वाचून दाखवला. वाचून झाल्यावर सगळे नुसते जमिनीकडे बघत राहिले. धाऊला मात्र वाटलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत.

घरी आल्यावर भागीनं कसर भरून काढली. "तुमची तंबाखू कवा मळून झाली ते सांगा मला," ती म्हणाली. "तुमी सावरवाडीला निघता तवा मी भाकरी टाकायला बसते. भाकऱ्या होतात, भांडी होतात, तरी तुमी पोचलेले नसता."

"साहेब दमलेला होता गो."

"आन् पोरं नाय दमायची?"

धाऊ शाळेची किल्ली खुंटीला अडकवायला उठला.

मुलांनी सहा दिवस सावरवाडीची शाळा करून पाहिली. मध्ये ओहळ आहे. उन्हाळ्यात त्याच्यातून गुरंही पाय न भिजवता जातात, पण पावसात तो अंगावर येतो. सातव्या दिवशी धाऊची मुलगी स्नेहल, चौथीतली, मधोमध पाय घसरून पडली. धाऊ सोबत होता म्हणून तिचा दंड त्याच्या हातात आला. दप्तर गेलं, एक चप्पल गेली. त्या दिवसानंतर करवंदवाडीतलं एकही मूल ओहळापलीकडे गेलं नाही.

नागपंचमीच्या सुमाराला धाऊ बांधावरून येत होता. स्नेहल माळावर शेळ्या घेऊन उभी होती आणि गुरुजींच्या आवाजात हजेरी घेत होती. वर्गातल्या नऊ मुलांची नावं एकामागून एक. शेळ्या पाचच होत्या, म्हणून पाच नावांना ती स्वतःच "हजर" म्हणत होती आणि उरलेल्या चौघांना गैरहजर मांडत होती. तिचं स्वतःचं नाव गैरहजर होतं. धाऊ मागच्या मागे वळला आणि दुसऱ्या वाटेनं घरी आला. पोरीची शाळा आपण आपल्या तोंडानं बंद केली, हे त्याला कळून चुकलं होतं. पण हे वाडीबाहेर कुणाला कळू नये असंही त्याला तितक्याच जोरानं वाटत होतं.

हरेश गुरुजी रविवारी अधूनमधून वर यायचे. एकदा त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. सारिकाताई नावाच्या एक आमदार शाळांबद्दल कायदे मांडणार होत्या आणि त्यासाठी त्यांनी लोकांकडून पत्रं मागवली होती. त्यांचा मतदारसंघ राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथलं एकही मत त्यांच्या पेटीत पडणार नव्हतं. स्वतः आधी शिक्षिका होत्या, गुरुजी म्हणाले, वीस वर्षं.

"लिवा गुरुजी," धाऊ म्हणाला. "लिवा की साहेबानं अंतर चुकीचं मांडलं."

गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांनी तो म्हणाला तसंच लिहिलं.

उत्तर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि उत्तर आलंही नाही. भादव्यात बाई स्वतःच आल्या.

हार नाहीत, घोषणा नाहीत, मागे पांढऱ्या कपड्यातली माणसं नाहीत. खाली डांबर संपतं तिथं गाडी थांबली आणि पन्नाशीच्या एक बाई छत्री घेऊन उतरल्या. सोबत फक्त मनोज नावाचा त्यांचा साहाय्यक. आदल्या दिवशी गुरुजींना फोन आला होता; ते रजा टाकून आले होते आणि धाऊसह बाईंना घ्यायला खाली गेले होते. अर्ध्या चढावर बाई थांबल्या, दम घेतला आणि विचारलं, "अजून किती हो?"

"हे काय, आलंच," धाऊ म्हणाला.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. धाऊनं पुन्हा तेच सांगितलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

वर पोचल्यावर बाईंनी चहा घेतला, कुलूप लावलेली खोली खिडकीतून पाहिली आणि आपण कसले कायदे मांडतोय ते ओटीवर बसून वाडीला सांगितलं. असं सोपं करून सांगितलं की जैतूलाही कळलं, आणि जैतूला तर रेशनची पावतीही दोनदा समजावून सांगावी लागते. कायदे तीन होते. शाळेच्या वेळात गुरुजींना मोजण्या आणि यादीच्या कामांना जुंपायचं नाही, हा पहिला. ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय शाळा बंद करायची नाही, हा दुसरा. तिसरा अंतराचा. शाळेची वाट नकाशावर मोजायची नाही. साहेबानं ती पावसाळ्यात चालायची, त्या शाळेतलं एक मूल बरोबर घेऊन, त्याच्या चालीनं.

"म्हणून मी आले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला चाला म्हणायचं तर आधी आपण चालायला हवं. कोण येतंय माझ्याबरोबर?"

स्नेहल उठली. बाईंनी तिचं बोट धरलं, दप्तराच्या वजनाची एक पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि दोघी पुढे निघाल्या. मागे धाऊ, भागी, गुरुजी, मनोज, आणि बांधावरची कामं टाकून अर्धी वाडी.

धाऊनं पुढारी पाहिले होते. चिखलात पाय ठेवण्याआधी फोटोवाला आहे का ते बघणारे. ही बाई निराळीच. निसरड्यावर ती बसून घसरली आणि लुगड्याचा चिखल न झटकता पुढे चालायला लागली. स्नेहल फूल तोडायला थांबली की तीही थांबायची. चल लवकर, असं तिनं पोरीला एकदाही म्हटलं नाही. धाऊ ओहळात उतरला तर पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं. बाईंनी स्नेहलला पाण्याच्या कडेला उभं केलं, धाऊच्या मांडीकडे पाहिलं आणि पोरीच्या छातीवर हात ठेवला. "इथपर्यंत येईल," त्या मनोजला म्हणाल्या. मग वरच्या अंगानं मोठा वळसा घेऊन, खिंडीतून, दगडांवरून सगळे पलीकडे गेले. सावरवाडीच्या शाळेच्या पायरीवर बाई टेकल्या तेव्हा मनोजनं फोन पाहिला. चार किलोमीटर दोनशे मीटर. एक तास पस्तीस मिनिटं.

बाईंनी पिशवीतून कागद काढला. साहेबांनी वैशाखात भरलेला होता तोच, त्याची नक्कल. धाऊनं आपली सही लांबूनच ओळखली.

"पत्रात तुम्ही लिहिलंय की साहेबांनी चुकीचं मांडलं," त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "इथं मात्र लिहिलंय, अध्यक्षांच्या सांगण्यावरून. खाली सही आहे. सही फार सुंदर आहे. कुणाची?"

भागीनं तोंड फिरवलं. जैतू आभाळाकडे बघायला लागला. वाडीतल्या एकाही माणसानं धाऊकडे बोट केलं नाही, आणि तो गप्प राहिला असता तर कुणी सांगणारही नव्हतं. धाऊला हे पक्कं माहीत होतं.

"माझी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. साहेबांचा लाल चेहरा, पायाचे फोड, तंबाखू. "ताई, आमच्यात पाव्हण्याला लांब बोलत नाय. मी चुकलो. माझ्या तोंडानं माझ्या पोरीची शाळा गेली, आन् पत्रात मी साहेबावर ढकललं."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "आज मीही तुम्हाला दोनदा विचारलं."

"हो."

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तर?"

धाऊनं मान खाली घातली. "तिसऱ्यांदा पण तेच सांगितलं असतं, ताई."

आधी भागी हसली, मग गुरुजी, मग सगळे. बाई तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "धाऊदादा, तुम्ही दमलेल्या माणसाला दिलासा दिलात. ज्यानं तो अंतर म्हणून लिहिला त्यानं चालून बघायचं होतं. मनोज, लिहून घे. लोकांच्या तोंडी सांगण्यावरून अंतर धरू नये. हे कलम माझ्या मसुद्यात नव्हतं, आणि ते मला सुचलंही नसतं." मग त्या धाऊकडे वळल्या. "पण हे मला सभागृहात सांगावं लागेल. तुमच्या नावासकट. नाव न घेता सांगितलं तर म्हणतील, बाईंनी गोष्ट रचली. सांगू?"

धाऊपुढे म्हशाची जत्रा उभी राहिली. पाच तालुक्यांची माणसं तिथं येतात. सगळे म्हणणार, हाच तो तंबाखूवाला. आयुष्यभर जपलेली अब्रू अशी चारचौघांत उधळली जाणार. त्यानं नजर वर केली. सावरवाडीचा वर्ग भरला होता. स्नेहल दारातून आत वाकून फळ्यावरचं वाचत होती, आवाज न करता, नुसते ओठ हलवत.

"सांगा," धाऊ म्हणाला. "नाव सांगा. वाडीचं पण सांगा."

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका शुक्रवारी बाईंच्या अंतराच्या विधेयकाची पाळी आली. करवंदवाडीत रेंज फक्त खिंडीतल्या जांभळीखाली मिळते. तिथं सगळी वाडी गुरुजींच्या फोनभोवती गोळा झाली. गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं की ही विधेयकं सरकारची नव्हेत, बाईंची एकटीची आहेत; असली विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, फार आशा धरू नका. फोनच्या एवढ्याशा काचेत बाई बोलायला उभ्या राहिल्या. समोरची निम्मी बाकं रिकामी होती. तरी त्या भरल्या सभेपुढं बोलावं तशा बोलल्या. तंबाखूची गोष्ट आली तेव्हा सभागृहात हशा पिकला आणि धाऊनं डोळे मिटून घेतले.

"हसून घ्या," बाईंचा आवाज आला. "मीही हसले होते. पण करवंदवाडीचे धाऊदादा चूक कबूल करायला जेवढा वेळ घेतात, तेवढा वेळ काढून आपल्यापैकी कुणी एका मुलाबरोबर शाळेपर्यंत चाललंय का, ते मला सांगा."

मग कुणी हसलं नाही. मंत्री उठले, भावनांशी सहमत आहेत म्हणाले, तिथल्या अंतराची फेरतपासणी करू म्हणाले, आणि बाईंनी विधेयक मागे घ्यावं अशी विनंती केली. गुरुजी म्हणाले, इथं सगळे मागे घेतात, हीच रीत आहे. बाई उठल्या. "तपासणी जरूर करा," त्या म्हणाल्या. "पण विधेयक मी मागे घेत नाही. करवंदवाडीसारख्या वाड्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मला जाता येणार नाही." जांभळीखाली कुणालाच पुढचं नीट कळलं नाही, पण जैतूनं दोन्ही हात जोडून फोनला नमस्कार केला.

पौषात म्हशाच्या जत्रेत धाऊची व्हायची ती शोभा झालीच. बैलबाजारात एकानं लांबून ओरडून विचारलं, "काय रे धाऊ, मिठाईचं दुकान किती लांब?" पाच-पंचवीस जण हसले. धाऊही हसला आणि म्हणाला, "मोजून सांगतो, थांब." त्यालाच नवल वाटलं, की आपल्याला फारसं लागलं नाही.

तुम्ही विचारालच, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. शाळा उघडली. पुढच्या जूनमध्ये, त्याच किल्लीनं, हरेश गुरुजींच्याच हातानं. बाईंचं विधेयक अजून तसंच पडून आहे आणि त्या दर अधिवेशनात त्याची आठवण करून देतात. पण ती शाळा उघडली कशी, ते माघात ठरलं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

माघात फेरतपासणीला आले ते तेच साहेब. तोच चढ, तोच घाम. ओटीवर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि ओशाळं हसले. बिचाऱ्यालाही मध्यंतरी वरून बोलणी बसली असणार. ओहळ आता कोरडा होता. सरळ त्याच्यातून गेलं तर वाट निम्म्यानं कमी. साहेबांनी तिकडे बोट केलं.

"इथून जाऊ या ना, धाऊदादा?"

"इथून पावसात वाट नसते, साहेब. पोरांना तवा वळसा घ्यावा लागतो, तिथून जाऊ," धाऊ म्हणाला, आणि स्नेहलला हाक मारली.

तिघं वरच्या वळशानं निघाले. खिंडीपर्यंत साहेबांचे पाय भरून आले. ते एका दगडाला टेकले, रुमालानं मान पुसली आणि पोरीला विचारलं, "काय गं बाळ, अजून किती राहिलं?"

स्नेहलनं त्यांच्याकडे पाहिलं. लाल झालेला चेहरा पाहिला, सैल केलेले बूट पाहिले. ती करवंदवाडीची पोर होती. तिच्या चेहऱ्यावर माया दाटून आली आणि ती गोड आवाजात म्हणाली, "हे काय, आलंच."

साहेबांची वही उघडी होती. पेन हातात होतं.

धाऊला ओरडावंसं वाटलं, पण त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दमलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून जे त्यानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते आता म्हटलं.

"खोटं बोलते ती, साहेब," तो म्हणाला. "लांब हाय. लय लांब. अजून अर्धं पण नाय झालं. उठा."